देव गेले, गाव उरला

जमिनीच्या एका दाव्यानिमित्त गेल्या पावसाळ्यात किलवणीस जाण्याचा योग आला. सिल्वासाहून निघून आम्ही गावात पोहोचलो तेव्हा तलाठी यावयाचे होते, पक्षकार झाडाखाली बसून होते आणि पाऊस नुकताच उघडला होता. माझ्यासमवेत माझे एक ख्रिस्ती सहव्यवसायी होते. वयाने ते माझ्याहून वडील, मूळचे गोव्यातील सासष्टीचे, पण उभे आयुष्य याच भागात वकिलीत घालविलेले. त्यांनी पिशवीतून एक लहानशी पुस्तिका काढली व पाच मिनिटे मनातल्या मनात वाचून पुन्हा पिशवीत ठेवली. हा त्यांचा नित्यक्रम. त्या पुस्तिकेत वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी बायबलातील एक उतारा व त्यावरील अर्ध्या पानाचे चिंतन असते. माझ्या आजोबांच्या हाती सकाळी पोथी असे, त्याची मला आठवण झाली. आज काय वाचलेत, असे मी सहज विचारले.

ते म्हणाले की, हे दोन-तीन आठवडे यहुदी लोकांच्या वनवासाचे व परतण्याचे प्रकरण चालू आहे. देऊळ मोडले, लोक परागंदा झाले, आणि मग श्रद्धा व समाज या दोहोंची घडी पुन्हा कशी बसली त्याचे. मी म्हटले, "हे तर आमच्या देवांचे प्रकरण झाले." ते हसले आणि कोकणीत म्हणाले, "तुमचो देव गेलो, आमचें घर उरलें." त्यांच्या मूळ गावाहून माझ्या पूर्वजांचा लोटली हा गाव फार दूर नाही. माझे कुलदैवत श्रीरामनाथ लोटलीहून निघाले आणि अंत्रुजात बांदिवड्यास स्थिरावले. त्यांचे पूर्वज निघाले नाहीत. एवढाच काय तो आम्हा दोघांतला फरक, आणि तो साडेचारशे वर्षांचा आहे.

त्या दिवसापासून मी ती बायबलातील प्रकरणे मुद्दाम वाचली. आपल्या देवस्थानांच्या इतिहासाशेजारी ती ठेवून पाहिली असता जे दिसले ते वाचकांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

यरुशलेमची कथा

इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बाबेलच्या राजाने यरुशलेम जिंकले, तेथील मंदिर जाळले आणि प्रतिष्ठित यहुदी कुटुंबांना आपल्या देशी नेले. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, सर्वांनाच नेले नाही. राजघराणे, पुरोहित, कारागीर, लेखनिक हे गेले. गरीब शेतकरी व द्राक्षमळे राखणारे मागे राहिले. पुढे इराणच्या कोरेश राजाने बाबेल घेतले व इ. स. पूर्व ५३८ मध्ये यहुद्यांना परत जाण्याची व मंदिर पुन्हा बांधण्याची मुभा दिली. परतलेल्यांनी प्रथम वेदी उभारून नित्याचे होम सुरू केले आणि मग पाया घातला. पाया पडला त्या दिवशी ज्या वृद्धांनी जुने मंदिर डोळ्यांनी पाहिले होते ते मोठ्याने रडले व तरुणांनी आनंदाने गर्जना केली; रडणे कोणते आणि हर्ष कोणता हे दुरून ऐकणाऱ्यास कळेना, असे एज्राच्या ग्रंथात वर्णन आहे. पुढे काम अडले. सोळा-सतरा वर्षे पाया तसाच पडून राहिला. लोक आपापली घरे सजवीत बसले, तेव्हा हाग्गय नावाच्या संदेष्ट्याने त्यांस खडसावले. अखेर इ. स. पूर्व ५१६ च्या सुमारास मंदिर पुरे झाले.

परंतु मंदिर झाले म्हणजे समाज झाला असे नव्हे. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळाने एज्रा शास्त्री आला आणि त्याच्यामागून इ. स. पूर्व ४४५ मध्ये नहेम्या. हा नहेम्या इराणच्या बादशहाचा प्यालेबरदार, म्हणजे आजच्या भाषेत दरबारी नोकरदार. त्याने नगराचा कोट ५२ दिवसांत उभा केला. त्याची युक्ती साधी होती: ज्याने त्याने आपल्या घरासमोरची भिंत बांधावी. कोट चालू असतानाच गरिबांनी गाऱ्हाणे मांडले की, दुष्काळात धान्यासाठी आम्ही शेते गहाण टाकली, मुले दास्यात दिली, आणि सावकार आमचेच भाऊबंद आहेत. नहेम्याने सभा बोलावून सावकारांकडून शेते परत देवविली. कायद्याच्या धंद्यात वीसएक वर्षे काढलेल्या मला त्या ग्रंथात हे प्रकरण सर्वांत मोलाचे वाटले. भिंतीआधी कर्ज सुटले पाहिजे हे त्याला कळले होते.

आणि मग तो वाचनाचा दिवस. पाणवेशीसमोरच्या चौकात स्त्री-पुरुष जमले. एज्राने पहाटेपासून दुपारपर्यंत धर्मग्रंथ वाचला, आणि लेवी लोकांनी मधून मधून त्याचा अर्थ उलगडून सांगितला. नुसते पठण झाले नाही, तर ऐकणाऱ्यांना समजावून सांगणेही झाले. लोक ऐकता ऐकता रडू लागले. त्यांस सांगण्यात आले की रडू नका, घरी जाऊन गोडधोड करा आणि ज्याच्या घरी काही नसेल त्याला वाटा पाठवा.

या यहुद्यांपैकी काही आपल्याच कोकणात येऊन राहिले, हे वाचकांस ठाऊक आहेच. कुलाब्याकडील बेने इस्रायल मंडळी मराठी बोलत, तेल गाळीत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावकरी त्यांस शनिवार तेली म्हणत. त्यांजपाशी शतकानुशतके ना मंदिर होते, ना ग्रंथ जाणणारा शास्त्री. एक वार, एक-दोन प्रार्थना आणि खाण्यापिण्याचे काही नियम, एवढ्यावर त्यांनी आपले यहुदीपण जपले. दगडाचे मंदिर नसतानाही नित्यनेम टिकतो, हे त्यांच्या उदाहरणाने कळते.

झुआरीपलीकडे

आता आपल्याकडे वळू. तिसवाडी १५१० पासून पोर्तुगीजांकडे होती. १५४० मध्ये तेथील देवळे पाडण्यास आरंभ झाला आणि त्यांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चच्या कामी लावण्यात आले. १५४३ मध्ये आदिलशहाने सासष्टी व बारदेश हे प्रांत त्यांस दिले. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, बसले. १५६७ मध्ये राशोल किल्ल्याचा कप्तान दिओगु रोद्रिगिश याने सासष्टीत जी मोहीम काढली तीत २८० देवळे जमीनदोस्त झाली, असा आकडा पोर्तुगीज पाद्र्यांच्याच इतिहासग्रंथांत दिलेला आहे. तो आकडा त्यांनी अभिमानाने लिहिला, म्हणून आपणास कळला.

या सात-आठ वर्षांत देव निघाले. कुशस्थळीचे श्रीमंगेश १५६० मध्ये झुआरी ओलांडून प्रियोळास गेले. केळोशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची श्रीम्हाळसा त्याच वाटेने पुढे, कोलव्याची श्रीमहालक्ष्मी व लोटलीचे श्रीरामनाथ बांदिवड्यास, रायाची श्रीकामाक्षी शिरोड्यास, मडगावचे श्रीदामोदर जांबावलीस. दिवाडीच्या श्रीसप्तकोटेश्वरास नदीपलीकडे डिचोली महालात आश्रय मिळाला. अंत्रुज महाल तेव्हा विजापूरकरांच्या अमलाखाली होता. म्हणजे एका मुसलमान राज्यात आपल्या देवांना अभय मिळाले. अभिमानाने इतिहास सांगताना हे वाक्य आपण बहुधा गाळतो. ते गाळू नये.

आणखी एक गोष्ट आपण गाळतो. अंत्रुज हा काही निर्जन प्रदेश नव्हता. बांदिवड्यास श्रीनागेश आधीपासूनच होते. तेथील १४१३ चा शिलालेख त्यांची साक्ष देतो. त्या भूमीचे स्वतःचे देव, स्वतःचे गावकरी, कुळागरे राखणारे व भातशेती करणारे लोक होते. त्यांनी जागा दिली, पाणी दिले, रान साफ केले. मूर्ती कोणत्या घराण्याने डोक्यावर आणली याच्या कथा आपल्या प्रत्येक देवस्थानच्या माहितीपुस्तकात असतात. होडी कोणी वल्हविली आणि पहिल्या रात्री कोणाच्या गोठ्यात निवारा मिळाला, हे त्यांत क्वचितच असते.

आज आपण पाहतो ती दीपमाळ, तळी, अग्रशाळा व घुमटांची भव्य देवळे त्या पिढीने पाहिली नाहीत. सप्तकोटेश्वराचे देऊळ छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६६८ मध्ये बांधले गेले. त्याचा शिलालेख आजही तेथे आहे. कवळ्याचे देऊळ शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या आश्रयाने १७३८ च्या सुमारास उभे राहिले. १७३९ मध्ये पेशव्यांनी रामचंद्र मल्हार सुखठणकर यांच्या सूचनेवरून मंगेशी गाव श्रीमंगेशास दिला. कुशस्थळी सोडल्यापासून या दानापर्यंत १७९ वर्षे लोटली होती. यरुशलेमच्या लोकांना मंदिर पुन्हा पाहण्यास सत्तर वर्षे लागली. आपल्या लोकांची सहा-सात पिढ्यांची माणसे देवाचे नवे मोठे देऊळ न पाहताच निवर्तली.

मग मधल्या काळात काय टिकून होते? माझ्या मते तीन गोष्टी. पहिली, नित्यपूजा. देव आले त्या दिवशी जो अभिषेक झाला तो दुसऱ्या दिवशीही झाला, एवढेच. यहुद्यांनीही पायाआधी वेदी मांडली होती. दुसरी, नावे. वेर्ण्यातील ज्या जागी म्हाळसेचे देऊळ होते तिचे नाव म्हार्दोळ. देवी नव्या जागी आली आणि नवी जागाही म्हार्दोळ झाली. दिवाडीवर नार्वे आहे आणि डिचोलीतही नार्वे आहे. कुंकळ्ळीची देवी फातर्प्यास गेली, पण तिला कोणी फातर्पेकरीण केले नाही; ती कुंकळ्ळीकरीणच राहिली. ज्या गावी परत जाता येत नाही त्याचे नाव रोज उच्चारणे, हेही एक परतणेच होय. तिसरी गोष्ट, गुरुपीठ. परंपरा सांगते की, झुआरीतीरीचा गौडपादाचार्यांचा मठ उद्ध्वस्त झाल्यावर स्वामी काशीस गेले आणि १६३० च्या सुमारास कवळ्यास मठाची पुन्हा स्थापना झाली. पर्तगाळीचा मठ कुशावतीच्या तीरी १६५६ मध्ये उभा राहिला. दक्षिणेस कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत पांगलेल्या कुटुंबांस या पीठांनी एका धाग्यात ठेवले.

मागे राहिलेले

येथवरची कथा आपल्या उत्सवांत, स्मरणिकांत, व्याख्यानांत आपण ऐकतो. ती खरी आहे, पण अर्धी आहे. गाव गेला नव्हता, देव गेला होता. गाव तेथेच होता.

गोव्याची गावकरी संस्था पोर्तुगीजांहून जुनी. गावची जमीन गावकऱ्यांची सामाईक. तिच्या उत्पन्नातून आधी देवाचा, देवाच्या सेवेकऱ्यांचा आणि गावच्या कामांचा खर्च भागावयाचा, उरेल ते वाटून घ्यावयाचे. अफोंसु मेशीय याने १५२६ च्या फोरालात हे रिवाज लिहून काढले आणि ते पाळण्याचे राज्याने मान्य केले. पुढे चौदा वर्षांत देवळे पडू लागली. धर्म बदलणाऱ्या गावकऱ्याचे हक्क अबाधित राहिले. न बदलणाऱ्यावर बंधनांमागून बंधने आली. १५५९ च्या कायद्याने पोरक्या हिंदू मुलांना ख्रिस्ती करण्यासाठी ताब्यात घेण्याची तरतूद झाली. अशा वेळी एकाच घरातील एक भाऊ देवाबरोबर निघाला आणि दुसरा शेताबरोबर राहिला. निघालेल्याने जमीन सोडली, राहिलेल्याने देव सोडला. दोघांनीही काही ना काही वाचविले. आपण निघालेल्यास निष्ठावंत म्हणतो आणि राहिलेल्यास बाटगा. न्यायाधीशापुढे उभे राहून मला हा निकाल मागता येणार नाही, कारण प्रतिवादीची बाजू कोणी ऐकलीच नाही.

मागे राहिलेल्यांचाही एक वनवास होता. घर तेच, विहीर तीच, शेताचा बांध तोच. पण सकाळी म्हणावयाचे शब्द गेले. याचा सर्वांत मोठा पुरावा एका पाद्र्याच्या ग्रंथात आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडातील विल्टशायरचा जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला व पुढील चाळीस वर्षे बहुतांशी सासष्टीत राहिला. त्याने मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले व ते १६१६ मध्ये राशोलास छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्याच्या आरंभी प्रसंग असा आहे की, नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूजींस विचारतो: आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांस दुसरे काही पुराण का देत नाही? हा प्रश्न एका व्यक्तीने विचारला असेल वा नसेल, तो सासष्टीतील प्रत्येक घरात विचारला जात असला पाहिजे. ज्याचे सकाळचे पठण हिरावले गेले त्या माणसाचा हा प्रश्न आहे.

स्टीफन्सने उत्तरादाखल जे पुराण दिले त्याच्या पहिल्या भागात, आदिपुराणात, सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तजन्मापूर्वीपर्यंतचा यहुद्यांचा इतिहास येतो. देश आणि देऊळ गमावलेल्या लोकांचा हा इतिहास ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीछंदात ऐकणारे लोक कोण होते? ज्यांचे देऊळ पन्नास वर्षांपूर्वी पडले होते त्यांचीच नातवंडे. त्या ओव्या ऐकताना एखाद्या म्हाताऱ्याच्या मनात काय आले असेल याची कल्पना मी वाचकांवर सोपवितो. पाणवेशीसमोर एज्राने जे केले, म्हणजे लोकांस समजेल अशा वाणीत ग्रंथ वाचून दाखविणे, तेच स्टीफन्सने केले. ज्या सत्तेने पोथ्या हिरावल्या त्याच सत्तेच्या छत्राखाली तो हे काम करीत होता, हेही तितकेच खरे. इतिहासात ही दोन्ही वाक्ये शेजारी ठेवावी लागतात. आणि १६८४ मध्ये त्याच सरकारने कोकणीचा वापर बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा मागे राहिलेल्यांवर दुसरा घाव पडला; देवापाठोपाठ आता भाषाही परागंदा व्हावयाची वेळ आली.

पुष्कळ कोकणी ख्रिस्ती कुटुंबे गोव्यातून निघून कानडा प्रांतात गेली. धर्मन्यायालयाचा जाच, दुष्काळ, स्वाऱ्या, अशी त्याची कारणे सांगितली जातात. तेथे १७८४ मध्ये टिपू सुलतानाने त्यांस पकडून श्रीरंगपट्टणास नेले, त्यांची चर्चे पाडली, आणि १७९९ मध्ये टिपू पडल्यावरच उरलेले लोक परत येऊ शकले. त्यांनी मंगळुरास पुन्हा शेते धरली, चर्चे बांधली. देऊळ पाडले जाणे, घर सुटणे व पुन्हा पहिल्यापासून आरंभ करणे, हा अनुभव कोण्या एका धर्माची मिरास नाही. आपल्या कोकणी बांधवांनी तो दोन्ही अंगांनी घेतला आहे.

नावांची यादी

यरुशलेमच्या कथेत एक अवघड प्रकरण आहे, ते येथे सांगितले पाहिजे. परतलेल्यांची कुटुंबवार यादी एज्रा व नहेम्या या दोघांच्याही ग्रंथांत दिली आहे. काही पुरोहित कुटुंबांनी वंशावळीत आपले नाव शोधले, ते सापडले नाही. म्हणून त्यांस पौरोहित्यातून वगळण्यात आले. मागे राहिलेल्या प्रदेशातील लोक पुढे आले व म्हणाले, आम्हीही तुमच्याच देवास भजतो, आम्हांस बांधकामात हात लावू द्या. त्यांस नकार मिळाला. त्या नकारातून जे वैर निर्माण झाले ते शतकानुशतके पुरले. पुढे तर परकीय स्त्रियांशी झालेली लग्ने मोडून त्या स्त्रियांस मुलांसह घालवून देण्याचा ठराव झाला. माझ्या मित्राच्या पुस्तिकेत या प्रकरणावर काय चिंतन आहे असे मी विचारले. त्यांनी पान उघडून दाखविले. लेखकाने प्रामाणिकपणे लिहिले होते की, या ठिकाणी वाचकाने थांबून दुःख करावे.

आपल्याकडेही यादी आहे. पोर्तुगीज सरकारने १८८६ मध्ये व नंतर १९३३ मध्ये देवस्थानांच्या कारभारासाठी नियम केले. त्यांनुसार प्रत्येक देवस्थानच्या महाजनांची नोंद झाली, संविधान लिहिले गेले, हिशेब, निवडणूक, मालमत्ता यांस शिस्त आली. आज गोव्यातील देवस्थानांचा कारभार चालतो तो त्याच पायावर. वकील म्हणून मी त्या नियमांचे मोल जाणतो. यादी नसती तर कित्येक देवस्थानांच्या जमिनी केव्हाच नाहीशा झाल्या असत्या. विखुरलेल्या समाजास यादीच एकत्र ठेवते.

पण यादी जशी राखते तशी वगळतेही. अंत्रुजातील ज्यांनी जागा दिली, ज्यांनी पालखी वाहिली, ज्यांनी चौघडा वाजविला, फुले आणली, दिवटी धरली, त्यांची नावे महाजनांच्या यादीत बहुधा नाहीत. असलीच तर सेवेकरी म्हणून. घरच्या लेकींचीही नाहीत. आणि ज्यांचे पूर्वज आपल्याच पूर्वजांचे भाऊ होते ते मागे राहिलेले गावकरी तर आपल्या विचारातही नाहीत. हक्क कोणास असावा हा न्यायालयाचा विषय आहे, त्यात मी येथे शिरत नाही. स्मरण कोणाचे असावे हा मात्र न्यायालयाचा विषय नव्हे. तो आपला आहे, आणि तेथे आपणास अडविणारा कोणताही कायदा नाही.

कुंकळ्ळीच्या छत्र्या

हे स्मरण शक्य आहे काय? गोव्यातच त्याचे उदाहरण आहे, आणि तेही सर्वांत रक्ताळलेल्या गावी. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीच्या लोकांनी, देवळे पाडणाऱ्यांवर चिडून, चर्चसाठी जागा पाहावयास आलेल्या पाच जेझुइटांस व त्यांच्या सोबत्यांस ठार केले. अकबराच्या दरबारी जाऊन आलेला रुदोल्फ आक्वाव्हिवा त्यांत होता. त्यांची प्रेते मिळवून दफन करविणाऱ्यांत फादर स्टीफन्सही होता. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुख गावकऱ्यांस बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलाविले आणि तेथे त्यांची कत्तल केली. देवी फातर्प्यास गेली. गाव कालांतराने बहुतांशी ख्रिस्ती झाला.

त्या गावात दर वर्षी शिगम्याच्या दिवसांत छत्र्यांचा उत्सव होतो. फातर्प्याहून देवीची मिरवणूक आपल्या मूळ गावी, कुंकळ्ळीस, येते. तिच्यापुढे गावच्या बारा वांगडांच्या, म्हणजे बारा मूळ घराण्यांच्या, बारा छत्र्या नाचत येतात. त्या बारा वांगडांतील पुष्कळ घरे आज ख्रिस्ती आहेत. त्यांचा मान त्यांच्यापाशीच आहे, आणि ते त्या उत्सवात सहभागी होतात. देवी गाव सोडून गेली, पण तिने बारांपैकी एकाही छत्रीचा हिशेब सोडला नाही. मारणाऱ्यांचे आणि मारल्या गेलेल्यांचे, गेलेल्यांचे आणि राहिलेल्यांचे वंशज एका गुलालात माखून निघतात. नहेम्याच्या कोटाहूनही हे बांधकाम मला अधिक भक्कम वाटते.

वेर्ण्यास आता श्रीम्हाळसेचे देऊळ मूळ जागी पुन्हा उभे राहिले आहे. सप्तकोटेश्वराच्या नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार गोवा शासनाने करून २०२३ मध्ये ते पुन्हा लोकांस खुले केले. या गोष्टी आनंदाच्या आहेत. पण पाया पडला त्या दिवशी यरुशलेमास जसे रडणे व हसणे एकत्र मिसळले, तसे आपल्याकडे होते का, हे पाहिले पाहिजे. नुसती गर्जनाच ऐकू येत असेल तर कोणी तरी बोलावयाचे राहून गेले आहे असे समजावे.

पुन्हा किलवणी

ज्या नगर हवेलीत बसून मी हे लिहितो आहे तेथील देवांवर तो प्रसंग आला नाही. ही ७२ गावे १७७९ च्या तहान्वये मराठ्यांनी पोर्तुगीजांस, सांताना नावाच्या त्यांच्या गलबताच्या नुकसानीपोटी, १७८३ मध्ये महसुलाकरिता लावून दिली. ते दान महसुलाचे होते, सार्वभौमत्वाचे नव्हे, असा त्या मराठी कागदांचा अर्थ पुढे १९६० मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही लावला. पोर्तुगीज येथे आले तेव्हा सोळाव्या शतकातील तो धर्मोत्साह ओसरला होता, आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त होऊन त्यांचा अंमल संपला. तथापि वनवास येथेही निराळ्या मार्गाने आला. दमणगंगेवर मधुबन धरण झाले तेव्हा कित्येक आदिवासी घरांना आपली जागा पाण्याखाली गेलेली पाहावी लागली. त्यांच्या देवांना शिलालेख नाही, महाजनांची यादी नाही, स्मरणिका नाही. त्यांचे गाऱ्हाणे लिहून घ्यावयास नहेम्याही भेटला नाही. आपल्या देवांचा प्रवास ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मनात जपला आहे त्यांनी तरी हे दुःख परके मानू नये.

त्या दिवशी तलाठी उशिरा आले. काम आटोपून परत निघालो तेव्हा मित्राने सांगितले की, त्यांच्या आजीच्या गावी चर्चच्या फेस्ताच्या आदल्या दिवशी पहिल्या पिकाचा नारळ वेशीवरच्या एका जुन्या दगडापाशी ठेवण्याची चाल होती. दगड कशाचा, कोणास ठाऊक नव्हते. आजी एवढेच म्हणे की, गावचा कोणी तरी बाहेर गेलेला आहे, त्याचा वाटा काढून ठेवावा.

मी काही बोललो नाही. पुढच्या जत्रेस बांदिवड्यास जाईन तेव्हा देवापुढे सांगणे करताना पुरोहितांस एक ओळ अधिक घालावयास सांगणार आहे: जे मागे राहिले त्यांचेही देवा, बरे कर.